पत्रकावर साल घाला
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



संशोधन करणाऱ्या मुली आमच्या केंद्रात येतात, तेव्हा पुस्तकं मागत नाहीत. ती त्यांना विद्यापीठात मिळतात. त्या विचारतात, जुनी पत्रकं, बैठकांच्या वह्या, फोटो आहेत का? इतिहासाच्या अभ्यासात यांना मूळ साधनं म्हणतात. आपल्याकडे त्यांना रद्दी म्हणतात.

ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली छापलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली होती आणि सगळा दोष बायकांच्या माथी मारला जात होता, म्हणून. पुढे हे पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केलं. प्रत टिकली नसती तर ताराबाई आपल्याला कुठून भेटल्या असत्या? मुक्ता साळवेचा १८५५ चा निबंधही 'ज्ञानोदया'त छापला गेला, म्हणूनच आज वाचता येतो. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांबद्दल तर छापील फार थोडं होतं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्यांना गाठून बोलतं केलं, तेव्हा १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' उभं राहिलं.

आता आपलं पाहा. आपल्या पत्रकांवर वार असतो, वेळ असते, चौकाचं नाव असतं, साल नसतं! '८ मार्च, शनिवार' एवढंच लिहिलेलं पत्रक हाती आलं तर ते कधीचं? १९७५, १९८० आणि १९८६, तिन्ही वर्षी ८ मार्चला शनिवारच होता. आत मथुरा खटला पुन्हा चालवा अशी मागणी असेल, तर ते १९८० चं असणार; त्या दिवशी अनेक शहरांत त्यासाठी निदर्शनं झाली होती. पण दरवेळी असा धागा सापडत नाही. हल्ली तर निरोप मोबाइलवर जातात आणि मोबाइल बदलला की संपतात.

मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात जरूर जा. पण तिथे मुख्यतः सरकारने काय पाहिलं, काय नोंदवलं, ते मिळेल. मोर्चाच्या आदल्या रात्री आपण कशावरून भांडलो, ते आपल्याच वहीत असतं. (भांडणं खोडू नका, तीच पुढे उपयोगी पडतात.)

तक्रार अर्जांचं मात्र वेगळं. बाईने मारहाणीची हकिकत आपल्याला सांगितली ती मदतीसाठी, कुणाच्या प्रबंधासाठी नव्हे. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं तेव्हा गोपनीयता शिकवली होती. ती वीस वर्षांनी संपते असं कुणी सांगितलं नव्हतं. तिची परवानगी मिळाली तरच अर्ज दाखवावा, तोही नाव-गाव झाकून. नुसतं नाव झाकून भागत नाही. लहान गावात दोन सवतींचा उल्लेख आला तरी घर ओळखू येतं. मूळ कागद केंद्राबाहेर देऊ नये आणि प्रबंधाची एक प्रत मागून घ्यावी. तसं कबूल करून गेलेल्या बऱ्याच जणी पुन्हा दिसत नाहीत, हेही सांगते.

पेन्सिली आणल्या आहेत. जेवणानंतर आपापले फोटो काढा. मागे साल, जागा आणि ओळखू येतील त्यांची नावं लिहायची आहेत, आधी मागच्या रांगेतल्या बायकांची.