पावतीची घडी घालण्याआधी



आज खताच्या मात्रेविषयी बोलायचे नाही, खताच्या पावतीविषयी बोलायचे आहे. देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ऊस-कांदा करणारा आपला शेतकरी बैलबाजारात शंभर रुपयांसाठी तासभर घासाघीस करील. पण कृषी सेवा केंद्रात सात हजारांचे बिल हातात पडले की त्याची घडी घालतो आणि खिशात टाकतो. संगणकाचे बिल आहे, ते चुकेल कसे, असा आपला भरवसा. संगणक बेरीज चुकत नाही हे खरे, पण त्यात भाव भरणारा माणूसच असतो.

एक हिशेब करून पाहू. समजा, उसासाठी युरियाच्या ६ आणि डीएपीच्या ४ गोण्या घेतल्या. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे आणि डीएपीच्या ५० किलोच्या गोणीची १,३५० रुपये. युरियाचे झाले १,५९९, डीएपीचे ५,४००, मिळून ६,९९९ रुपये. आता बिलात या रकमेखाली ‘जीएसटी ५ टक्के’ म्हणून ३४९ रुपये ९५ पैसे आणखी मिळवलेले असतील तर? कर सरकारचा, बिल छापील. कोण हरकत घेणार? पण गोणीवरची किंमत ही सर्व कर धरूनच छापलेली कमाल किंमत असते. तिच्यावर पुन्हा कर चढवता येत नाही.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कराची ओळ दिसली म्हणून लगेच भांडायला उठायचं नाही. पुष्कळ बिलांत युरियाचा दर २५३ रुपये ८१ पैसे आणि त्यावर कर १२ रुपये ६९ पैसे असा फोडून दाखवलेला असतो. बेरीज होते २६६ रुपये ५० पैसेच. ते बिल बरोबर. म्हणून मधल्या ओळींत न अडकता एकच करावे: गोणीवरची छापील किंमत गुणिले गोण्या, आणि तो आकडा बिलाच्या शेवटच्या आकड्याशी ताडून पाहावा. शाळेत जाणारी मुलगी बरोबर असेल तर तिच्याकडून करून घ्या, मोबाईलवर एका मिनिटाचं काम आहे.

गोणीच का पाहायची, दुकानातल्या भावावर का नाही विसंबायचे? २०२१ चा खरीप आठवा. त्या वर्षी एप्रिलमध्ये डीएपीच्या गोणीचा नवा भाव १,९०० रुपये जाहीर झाला. ओरड झाली, आणि १९ मे रोजी केंद्र सरकारने गोणीमागचे अनुदान ५०० वरून १,२०० रुपये केले. शेतकऱ्याला गोणी पूर्वीच्याच १,२०० रुपयांत मिळेल असे ठरले. मधल्या काळात जुना साठा जुन्याच भावाने विकला जाईल, असे इफकोने जाहीर केले होते. म्हणजे खत एकच, पण त्या पाच-सहा आठवड्यांत त्याचे दोन भाव चर्चेत होते. अशा वेळी संगणकात एक भाव आणि थप्पीतल्या गोणीवर दुसरा, असे होऊ शकते. तेव्हा जी गोणी आपल्या ट्रॉलीत चढते तिच्यावर जे छापले आहे, तेवढेच आपण देणे लागतो.

किमतीबरोबर वजनही वाचावे. युरियाची गोणी २०१८ पर्यंत ५० किलोची होती, मग ४५ किलोची झाली. गंधकयुक्त युरियाची गोणी तर ४० किलोची, आणि तिची किंमतही २६६ रुपये ५० पैसेच ठरलेली आहे. बिलात नुसते ‘युरिया’ लिहिले असेल तर आपण काय घेतले ते पुढे कळत नाही. खताचे पूर्ण नाव आणि वजन लिहून घ्यावे.

अनुदानाचे खत घेताना ई-पॉस यंत्रावर अंगठा द्यावा लागतो आणि त्यातून वेगळी चिठ्ठी निघते. ती मागून घ्या. आपण ६ गोण्या नेल्या आणि चिठ्ठीत १० दिसल्या, तर पैसे आपले गेले नाहीत म्हणून गप्प बसू नका. उरलेल्या ४ गोण्या तुमच्या अंगठ्यावर उचलल्या गेल्या, आणि अनुदानाचा युरिया शेताऐवजी कारखान्यांकडे वळतो तो असल्याच वाटांनी.

आता लिंकिंग. युरिया पाहिजे तर ही बाटलीही घ्या, हे तुम्ही ऐकले असेलच. ही सक्ती बेकायदेशीर आहे. कधी ती तोंडाने होतच नाही, बिलात एक ओळ निमूटपणे वाढलेली असते. आपण न मागितलेली वस्तू बिलात दिसली तर ती तिथेच काढायला सांगा. हमालीचेही तसेच. दुकानातून माल आपण उचलला तर छापील किमतीवर हमाली नाही. वस्तीपर्यंत टेम्पोने पोहोचवला तर भाडे द्यावे, पण ते वेगळ्या ओळीत.

खरी अडचण मात्र उधारीची आहे. उसाचे पेमेंट आल्यावर देऊ, अशा बोलीवर माल उचलणारा शेतकरी पावती मागायला कचरतो. शेटजी नाराज झाले तर पुढच्या हंगामात कोण उभं करील? मला ही भीती खोटी वाटत नाही. पण उधारी असली तरी छापील किमतीची मर्यादा सुटत नाही. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे विक्री रोखीची असो वा उधारीची, पावती दिलीच पाहिजे, आणि साठ्याचा व भावाचा फलक दर्शनी लावला पाहिजे. वहीतल्या नोंदीवर किंवा कच्च्या चिठ्ठीवर विसंबू नका. माल उचलला त्याच दिवशीचे बिल घ्या, आणि हिशेब मिटवताना वहीतला आकडा त्या बिलाशी जुळवा.

औषधांच्या बाबतीत छापील किंमत पुरेशी नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवरची किंमत बरेचदा प्रत्यक्ष विक्रीपेक्षा पुष्कळ वर असते. तेव्हा औषधातल्या घटकाचे नाव आणि टक्केवारी लिहून दोन दुकानांत विचारावे, आणि बिलात २५० मिलिलिटर लिहिले आहे की ५०० ते पाहावे.

बियाण्याच्या पावतीवर वाण, कंपनी आणि पिशवीवरचा लॉट नंबर हवाच. उगवण झाली नाही तर हाच कागद कामी येतो. सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. पण खरेदीच सिद्ध झाली नाही तर पुढे बोलायला जागा राहत नाही. रिकामी पिशवी, तिचे लेबल आणि मूठभर बी पावतीबरोबर ठेवावे.

विकताना मिळणारी पट्टीही याच नजरेने वाचा. राहुरीला किंवा वांबोरीला कांदा घातला की वजन गुणिले भाव आधी स्वतः करावे, मग हमाली, तोलाई, वाराई या कपाती पाहाव्यात. फळे-भाजीपाला आणि कांद्याची अडत २०१६ पासून खरेदीदाराने द्यायची आहे; ती आपल्या पट्टीतून कापलेली दिसली तर बाजार समितीच्या कार्यालयात पट्टी घेऊन जावे.

चूक सापडली तर आधी गल्ल्यावरच शांतपणे दाखवावी. बहुतेक चुका तिथेच दुरुस्त होतात. दुकानदारालाही परवाना प्यारा असतो. ऐकले नाही तर पावती आणि गोणीवरच्या छापील किमतीचा फोटो घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा राहुरीच्या तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, आणि तिची पोच घ्यावी. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. शेतीच्या इतर सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१. दोन्ही क्रमांकांना पैसे पडत नाहीत. बिलाची शाई उन्हात आणि घामाने उडते, म्हणून घरी गेल्यावर त्याचाही एक फोटो काढून ठेवा.