कोटितीर्थाचे पाणी



निसर्गचित्र म्हटले की जाणकारांना फ्रान्स आठवतो, आणि ते वावगे नाही. शार्ल-फ्रांस्वा दोबिन्यी (१८१७–१८७८) याने १८५७ साली एका होडीवर खोली बांधली आणि तो वाझ नदीच्या पाण्यावरच चित्रे रंगवू लागला. काठावरून दिसणारी नदी वेगळी आणि नदीतून दिसणारा काठ वेगळा, हे त्याच्या चित्रांतून कळते. पुढे मोनेनेही अशी होडी केली.

त्याच १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तेथे शिकून कोल्हापूरला परतलेले आबालाल रहिमान हे आपले निसर्गचित्रकार. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले, पण त्यांचा जीव रमला तो कोटितीर्थाच्या काठी. तेथेच साध्याशा घरात ते एकटे राहिले. तेच तळे, तीच झाडे, तोच रंकाळा, तीच पंचगंगा. विषय बदलत नव्हता, उजेड बदलत होता. आणि आबालाल तो उजेडच रंगवत होते.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात आजही सांगतात. १९३१ साली तेही गेले. जी चित्रे उरली, ती कुणीतरी जपली म्हणून उरली. काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. गावी जाल तेव्हा वाट वाकडी करून अवश्य पाहा.

हे सुरतेत कशासाठी सांगायचे? पाण्याने आपलेही नेले आहे म्हणून. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सोडल्यावर तापी घराघरांत शिरली. आजोबांच्या वह्या, आजीची पत्रे, भिंतीवरच्या तसबिरी चिखलात गेल्या. आबालालांनी आपली चित्रे स्वतःच्या हाताने पाण्यात सोडली असतील. आपल्याला कुणी विचारलेसुद्धा नाही.

म्हणून एवढेच मागणे. घरी जाल तेव्हा जुनी ट्रंक उघडा. प्रत्येक फोटोच्या, चित्राच्या पाठीवर नाव, गाव, साल पेन्सिलने लिहा. शाई पाण्यात पसरते, पेन्सिल टिकते. मग ती ट्रंक वरच्या मजल्यावर ठेवा. ज्यांना त्या चेहऱ्यांची नावे ठाऊक आहेत, ती माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना आजच विचारा.