पचनाचा उरलेला धडा



अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार मानतो आणि लगेच तक्रारीकडे वळतो. सत्र जेवणाआधीचे आहे आणि विषय मोठ्या आतड्याचा. संयोजकांच्या चेहऱ्यावरची काळजी मला इथून दिसते आहे, पण त्याला इलाज नाही.

आपण सगळे शाळेत पचनसंस्था शिकलो. धडा लाळेपासून सुरू होतो, जठरात रेंगाळतो, स्वादुपिंड आणि पित्ताला मान देतो आणि लहान आतड्यापाशी दमतो. मोठ्या आतड्याच्या वाट्याला एकच ओळ येते: इथे पाणी शोषले जाते आणि चोथा बाहेर टाकला जातो. त्यात चूक अशी नाही, पण त्या ओळीवर वाढलेली मुले पुढे डॉक्टर होतात, आहारतज्ज्ञ होतात, आणि रुग्णाला सांगतात की तंतुमय पदार्थ म्हणजे आतडे झाडणारा खराटा. खराटा काय, कुठलाही चालतो. मग कोणी कोंडा गिळतो, कोणी डब्यातली पावडर पाण्यात ढवळून पितो, आणि काम झाले असे समजतो.

ह्या समजुतीला थोर माणसांचाही हातभार आहे. डेनिस बर्किट हा आयरिश शल्यविशारद युगांडात काम करत होता. आफ्रिकेच्या खेड्यांतले लोक भरड अन्न खातात, त्यांची विष्ठा वजनाने जास्त असते आणि पाश्चात्त्यांचे आतड्याचे आजार त्यांच्यात क्वचित दिसतात, हे त्याने आणि ह्यू ट्रॉवेलने जगाच्या गळी उतरवले. १९७२ साली ट्रॉवेलने आहारातल्या तंतूंची व्याख्या केली ती मानवी पाचकरसांना दाद न देणारे वनस्पतिपेशींच्या भित्तीचे अवशेष अशी. व्याख्येतला ‘मानवी’ हा शब्द नेमका होता. आपले पाचकरस हरतात तिथे दुसऱ्या कोणाचे तरी कामाला लागतात, हा त्याचा अर्थ पुढच्यांनी लावला.

आपली गरिबी किती, ते पाहा. अन्नातली कर्बोदके फोडण्यासाठी आपल्या जनुकांत फार तर १७ विकरांची तरतूद आहे. स्टार्च, साखर, दुधातली साखर, बस्स. उलट बॅक्टेरॉइडीस थेटायओटाओमायक्रॉन ह्या आपल्या आतड्यातल्या एकट्या जिवाणूकडे अशी विकरे अडीचशेच्या वर आहेत. त्याचा जनुकसंच २००३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने वाचून काढला. फळांच्या पेशीभित्तीत पेक्टिनचा एक अतिशय गुंतागुंतीचा प्रकार असतो. त्यातले एक सोडून सगळे रासायनिक बंध हा जिवाणू तोडतो, असे २०१७ मध्ये दिसून आले.

ही विकरे आतड्यात राहूनच जमवलेली असतात असेही नाही. जपानमधल्या लोकांच्या आतड्यातल्या एका जिवाणूकडे लाल समुद्रशेवाळातले पॉर्फिरॅन फोडणारी जनुके सापडली. ती समुद्रातल्या जिवाणूंकडून आली होती, बहुधा सुशीला गुंडाळलेल्या नोरीवर बसून. हे संशोधन २०१० चे. पिढ्यान्‌पिढ्या काय खाल्ले, त्याची नोंद आतड्यात अशीही राहते.

जिवाणू ही कर्बोदके फोडून खातात, ते किण्वन. आता ते डोळ्यांनी कसे दिसते ते सांगतो, कारण पदव्युत्तर वर्गात मला सर्वांत आवडणारे प्रात्यक्षिक हेच. काचेची छोटी बाटली, जाड रबरी बूच. आत क्षारांचे द्रावण आणि किंचित रेझाझुरिन. हवा लागलेली असते तोवर द्रावण गुलाबी दिसते. प्राणवायू हाकलला की रंग उतरतो, आणि मगच पुढे जायचे, कारण ह्या मंडळींना प्राणवायू सोसत नाही. मग ताज्या विष्ठेचे गाळलेले पातळ द्रावण थोडे सोडायचे. एका बाटलीत ग्लुकोज, दुसरीत आधी पाचक विकरांनी पचवून घेतलेले ज्वारीचे पीठ, तिसरीत कापूस. ३७ अंशांवर ठेवायचे. काही तासांनी बुचातून सिरिंजची सुई खुपसली की ग्लुकोजच्या बाटलीत दट्ट्या झपकन वर चढतो. ज्वारीच्या बाटलीत तो सावकाश सरकतो आणि दुसऱ्या दिवशीही सरकत राहतो. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तिथला दट्ट्या बहुतेक वेळा जागचा हलत नाही. बाटली उघडली की व्हिनेगर आणि खवट तूप एकत्र केल्यासारखा वास येतो. नाकाला रुमाल लावणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, बाळांनो, हा वास तुमच्या आतड्याच्या अस्तराचे जेवण आहे.

व्हिनेगरचा वास ॲसेटिक आम्लाचा, खवट तुपाचा ब्युटिरिक आम्लाचा; तिसरे प्रोपिओनिक. आतड्यात त्यांचे प्रमाण साधारण ६०, २० आणि २० असे असते. पण ही तिन्ही एकच जिवाणू करून देत नाही, आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. शिजवून गार झालेल्या भाता-बटाट्यात काही स्टार्च घट्ट बांधले जाते आणि लहान आतड्यातून तसेच निसटते. ते फोडायला रुमिनोकॉकस ब्रोमाय लागतो. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांनी दाखवले की इतर नेहमीचे स्टार्च फोडणारे जिवाणू ज्या कणांपुढे हात टेकतात, ते हा फोडतो आणि सुटलेल्या साखरेचा बराच भाग इतरांना मिळतो. बायफिडोबॅक्टेरियम ॲसिटेट आणि लॅक्टेट करतात. फेकॅलिबॅक्टेरियम ते ॲसिटेट उचलून ब्युटिरेट बनवतो, लॅक्टेटवर तिसराच कोणी जगतो. सुटलेला हायड्रोजन साठून राहिला तर सगळ्यांचेच काम मंदावते. तो काही माणसांत मिथेन करणारे आर्किया संपवतात. एकाचे उष्टे दुसऱ्याचे ताट. म्हणून बाटलीत भरून विकल्या जाणाऱ्या ‘चांगल्या जिवाणूं’विषयी मी फारसा उत्साही नाही. पाहुणा पाठवला, पण घरात शिजवायला काहीच नसेल तर तो किती दिवस राहणार?

ब्युटिरेटचे पुढे काय होते? इंग्लंडमध्ये जॉन कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी अकस्मात मृत्यू झालेल्यांच्या शवविच्छेदनात आतड्यातली आणि रक्तातली ही आम्ले मोजली. लेख १९८७ चा. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला ती भरपूर होती, शेवटाकडे कमी. आतड्यात ब्युटिरेट पुष्कळ, पण यकृताकडे जाणाऱ्या रक्तात अगदी थोडे. मधल्यामध्ये खाल्ले कोणी? आतड्याच्या अस्तराने. त्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा ब्युटिरेट जाळून मिळवतात, हे रोडिगर ह्या शल्यविशारदाने १९८०च्या सुमारास दाखवले होते. जाळायला प्राणवायू लागतो, म्हणजे तो आतड्याच्या पोकळीत झिरपत नाही, आणि प्राणवायू न सोसणारे आपले जिवाणू सुखात राहतात. ब्युटिरेट आटले की हा बंदोबस्त ढिला पडतो आणि साल्मोनेलासारख्यांचे फावते, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. तंतू मिळालेच नाहीत तर काही जिवाणू अस्तरावरच्या श्लेष्म्याचा थर कुरतडू लागतात, हेही उंदरांतच दिसले. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नका, एवढे विद्यार्थ्यांना बजावून ठेवतो.

ही आम्ले माणसाच्या कामी येतात ह्याचा पुरावा हवा असेल तर वेल्लोरला जावे लागेल. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी पटकीच्या ४८ रुग्णांवर प्रयोग केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. पटकीत जीव जातो तो पाणी आणि मीठ वाहून गेल्याने. जलसंजीवनी लहान आतड्यात पाणी ओढते, पण जुलाबाचे प्रमाण फारसे कमी करत नाही. ह्या मंडळींनी विचार केला की मोठे आतडे रिकामे का बसवून ठेवायचे? आखूड साखळीची ही आम्ले शोषताना ते मीठ आणि पाणीही शोषते. म्हणून काही रुग्णांच्या द्रावणात त्यांनी लिटरला ५० ग्रॅम न पचणारे मक्याचे स्टार्च घातले. नेहमीच्या द्रावणावर जुलाब सरासरी ९१ तासांच्या आसपास चालले; ह्या द्रावणावर ५७च्या आसपास थांबले. ‘इथे पाणी शोषले जाते’ ही पाठ्यपुस्तकातली ओळ इथे पुरी होते: शोषले जाते, आणि त्यात जिवाणूंचा हात असतो.

आपल्याकडचे काय? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा जास्त असल्याचे २०१६ मध्ये मांडले. प्रिव्होटेला धान्य-कडधान्यांच्या आहारात फोफावतो असे इतरत्रही आढळले आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, सडीक तांदळात तीनच्या आतबाहेर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. भाकरी सोडून पांढऱ्या भातावर आणि मैद्यावर आलेल्या घरांत हा हिशेब कसा बसणार, हे इथल्या आहारतज्ज्ञांनी मला सांगावे.

त्यांना एक विनंतीही आहे. रुग्ण तक्रार करतो की उसळ खाल्ली की पोट फुगते. त्याला उसळ बंद करायला सांगू नका. कडधान्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज ह्या साखरा फोडणारे विकर आपल्याकडे नाही, त्या जिवाणूंना मिळतात आणि वायू होतो. तो बहुतेक बिनवासाचा असतो, वास गंधकाच्या थोड्या संयुगांचा. भिजवून पाणी फेकले, मोड आणले की ह्या साखरा कमी होतात. मटकीला मोड आणणाऱ्या बायकांना हे रसायनशास्त्र न शिकता साधले होते. तंतू आठवड्या-आठवड्याने वाढवा, एका दिवसात दुप्पट नको. आणि ज्याचे आतडे हळवे आहे, त्याला झटपट किण्वन होणारे पदार्थ खरोखरच सोसत नाहीत. त्याच्यापुढे तंतूंचे पोवाडे गाऊ नका.

उद्या सकाळी अभ्यासक्रमावरचे चर्चासत्र आहे. मोठ्या आतड्यावर नववी-दहावीच्या मुलांना कळेल असा दोन पानांचा मजकूर कोणी लिहून आणला, तर मी तो आज रात्रीच वाचून देईन. आकृतीत जिवाणू मात्र हसऱ्या तोंडाचे काढू नका.