पाचगणीची आमरी आणि मातीतले विरजण

जी वनस्पती एका विशिष्ट भूभागातच आढळते, तिला प्रदेशनिष्ठ म्हणतात. ‘हॅबेनारिया पंचगणीएन्सिस’ ही जमिनीत वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, अशीच सह्याद्रीपुरती मर्यादित आहे. फादर सांतापाव आणि कपाडिया या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे नामकरण केले. तिचे घर म्हणजे सडा, अर्थात जांभ्या खडकाचा सपाट माथा. तेथे मातीचा थर अत्यंत पातळ असतो, उन्हाळ्यात कातळ तापतो, आणि त्या काळात ही वनस्पती जमिनीखाली कंदरूपाने तग धरून पावसाळ्यात पुन्हा वर येते.

तिच्या संरक्षणाचा विचार मात्र बहुधा फुलापाशीच थांबतो आणि माती विसरली जाते. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते, त्यात कोंबाला पुरेल असा अन्नसाठा नसतो. मातीतल्या विशिष्ट बुरशीने त्यात शिरून अन्न पुरवले तरच ते निसर्गात रुजते. दूध कितीही दाट असले तरी विरजणावाचून दही लागत नाही, तसेच हे आहे. हे विरजण शेजारून वाटीभर मागून आणता येत नाही, ते त्या सड्याच्या मातीतच जपलेले असते. आणि भांडेच घासूनपुसून लख्ख केले, तर दुसऱ्या दिवशी विरजण आणायचे कोठून, हे स्वयंपाकघरातल्या कोणालाही कळते, छायाचित्रासाठी वाट सोडून ओल्या सड्यावर शिरणाऱ्या हौशी पाहुण्याला मात्र कळू नये, याचे नवल वाटते. चिखल तुडवला गेला की माती दबते, तिच्यातली हवा कमी होते, सैल झालेला थर पुढच्या सरीबरोबर वाहून जातो, आणि त्या थराबरोबर बुरशीही जाते. हे पुन्हा सांगणे भाग आहे, कारण लोकांचे लक्ष फुलाकडेच वळते: तुडवलेले रोप एक, गमावलेले विरजण अनेक पिढ्यांचे. कंद उपटून घरच्या कुंडीत लावणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

सड्यांवर गुरांचा प्रश्नही आहे. साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराचा २०१२ साली जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. तेथे कुंपण घालून चराई रोखल्यावर गवत माजून बुटकी फुलझाडे झाकली जातात, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला. परंतु गुरे सोडायचीच, तर ती बी सांडण्यापूर्वी की नंतर, आणि भिजलेल्या सड्यावर की वाळलेल्या, हे प्रत्येक सड्यावर वेगळे तपासावे लागेल.