देवघरातली शिवराई कशी पाहावी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी बँकेत होतो हे तुम्हाला माहीत आहे. पण निवृत्तीनंतर मी काय करतो, असा प्रश्न आमच्या सौ.ला फार वेळा विचारला जातो. उत्तर असं : भिंग घेऊन तांब्याचे तुकडे बघत बसतो. आज त्याबद्दलच बोलायला सांगितलंय.

बँकेत फाटकी नोट आली की तिचा किती भाग शिल्लक आहे ते मोजायचं. नियमात बसली की बदलून द्यायची, विषय संपला. जुन्या नाण्याला हा हिशोब लागू पडत नाही. ‘अर्धी अक्षरं नाहीत म्हणजे नाणं खराब’ असं पुष्कळजण धरून चालतात, तिथेच गाडी चुकते.

आपला हा मुलूख बघा. जवळचं सुपे म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीतला परगणा. इथल्या जुन्या घरांत देवघरात एखादी तरी शिवराई असतेच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. हे नाणं हातानं पाडलेलं. तांब्याची चकती ठशावर ठेवून वरून हातोडा मारायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच मावतात. कडेला ‘श्री’ अर्धा तुटला असेल, पण उरलेली रेघ ठसठशीत असेल, तर ती झीज नव्हे. नाणं जन्मालाच तसं आलं. झीज वेगळी दिसते. आधी अक्षराचा उंच भाग सपाट होतो, कडा गोल होतात, नाणं बोटाला गुळगुळीत लागतं. मी भिंगाखाली पहिल्यांदा हेच बघतो. ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’ ही लेबलं नंतर.

आणि शिवराई म्हणजे महाराजांच्याच काळातली, असंही नाही बरं का! पुढे पेशवाईतही ती पाडली जात होती. ‘दुदांडी’ शिवराई त्या नंतरच्या काळातली, आणि पुष्कळ मिळते. म्हणून किंमत ऐकून हुरळू नका, आणि नाराजही होऊ नका.

‘खराब’ नाणं किती मोलाचं असतं, याचं मोठं उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातलं. 1906 मध्ये जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. नाणी क्षत्रप नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला! खाली नहपानाचा चेहरा, वर सातवाहनांची चिन्हं, सगळा गिचमिडकाला. आमचा जुना कॅशियर असता तर बाजूला फेकला असता. पण सातकर्णीनं नहपानाचं राज्य जिंकलं, याचा पुरावा त्या गिचमिडीतच आहे.

आता मुख्य सांगायचं ते माताभगिनींना. दिवाळीला देवाची भांडी घासताना शिवराईलाही चिंच किंवा पितांबरी लागते. कृपा करून लावू नका. तांब्यावर काळपट किंवा गर्द हिरवा, घट्ट बसलेला थर असतो तो नाण्याचं कवच आहे. तो घासला की अक्षराची कड जाते, ती पुन्हा येत नाही. चकाकणारी शिवराई जाणकार सगळ्यात आधी बाजूला ठेवतो. काळजी करायची ती फिक्या हिरव्या, नखानं पूड निघणाऱ्या डागाची. तो ओलाव्यानं वाढतो आणि तांबं आतून खातो. असं नाणं इतरांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवायचं. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात तर नकोच, ते प्लास्टिकच कालांतरानं तांब्याला चिकट हिरवं करतं.

नकलीही बाजारात आहेत, खास करून सोन्याच्या होनाच्या. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, कडेला जोडाची रेघ सापडते. मोबाइलवर ‘जुन्या नाण्याचे लाखो मिळवा, आधी कमिशन भरा’ असं आलं तर सरळ डिलीट करा. 2021 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनंच याबद्दल जाहीर सावध केलं होतं. आणि शेत नांगरताना साठा सापडलाच, तर 1878 च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं, वाटून घेता येत नाही.

ज्यांच्या घरी शिवराई असेल त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे आणावी. भिंग आहे, काटा आहे, चहाही होईल. फक्त येताना घासून आणू नका.