इंजिन का थांबले, हे आधी विचारा

(मंडळाच्या गणेशोत्सवात तरुणांसाठी झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



चौदा विद्या आणि चौसष्ट कलांच्या अधिपतीसमोर भजन, नाट्यगीत, वक्तृत्व असे सगळे होते. मग एखाद्या संध्याकाळी इंजिनाची गोष्ट का होऊ नये? आपण रेल्वेची माणसे. घर महाराष्ट्रापासून कितीही लांब असो, हाताला ग्रीस लागल्याशिवाय आपला दिवस उजाडत नाही.

गोष्ट आहे एका लूनाची. पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना लूना काय ते सांगायला नको. कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ मध्ये ती बाजारात आणली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या गाडीवर ती बेतलेली होती. पन्नास सीसीचे इंजिन, आणि पेट्रोल संपले तर मारायला पॅडल! आपल्या शेडमधल्या अल्को इंजिनाच्या एकाच सिलिंडरचे आकारमान जवळजवळ अकरा लिटर असते. म्हणजे त्या एका सिलिंडरमध्ये लूनाची दोनशेहून अधिक इंजिने मावतील. पण दोष शोधण्याची रीत दोन्हीकडे एकच, आणि आज मला तेच सांगायचे आहे.

आपल्या कॉलनीतील एका निवृत्त काकांची लूना कित्येक वर्षे जिन्याखाली पडून होती. इंजिन जाम झाले म्हणून एका मिस्त्रीने पिस्टन बदलला. काही दिवसांत पुन्हा जाम. दुसऱ्या मिस्त्रीने ‘इंजिन मेले आहे, काका, वजनावर विकून टाका’ असा सल्ला दिला. काका कबाडीवाल्याला बोलावणार, एवढ्यात आपल्या मुलांनी ते इंजिन मागून घेतले आणि रविवारी आम्ही कामाला बसलो.

पहिला नियम असा की, जाम इंजिनावर हातोडा चालवायचा नाही. प्लगच्या भोकातून रॉकेल आणि तेलाचे मिश्रण सोडले आणि चार दिवस वाट पाहिली. मग पिस्टन हलक्या हाताने सुटला. दुसरा नियम असा की, खोलल्याबरोबर पुसायचे नाही, आधी पाहायचे. मळ, काजळी, ओरखडे हा इंजिनाचा जबाब असतो. तो पुसून टाकला तर चौकशी कशाची करणार?

प्लगचे टोक पांढरेफटक होते. चांगल्या चाललेल्या इंजिनाचा प्लग विटकरी दिसतो. पांढरा म्हणजे आत उष्णता जास्त, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे होते. काका जुन्या वळणाचे, त्यांनी आधीचा काढलेला पिस्टनही डब्यात जपून ठेवला होता. दोन्ही शेजारी ठेवले. ओरखडे एकाच जागी, एकाच तऱ्हेचे! म्हणजे पिस्टन वाईट नव्हता. पिस्टन मारणारा कोणीतरी दुसराच होता, आणि तो इंजिनातच बसलेला होता.

कार्बोरेटरचा जेट स्वच्छ निघाला. तेलाचे प्रमाण काका मापानेच घालत. मग जास्तीची हवा आली कुठून?

इथे टू-स्ट्रोकची खुबी लक्षात घ्यायला हवी. आपल्या डिझेलमध्ये तेल खाली संपमध्ये असते आणि पंप ते सगळीकडे पोचवतो. टू-स्ट्रोक लूनात संप नाही. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये हवा, पेट्रोल आणि तेल एकत्र ओढले जाते. खाली येताना तेच मिश्रण वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणजे क्रँककेस हाच पंप. तो हवाबंद राहावा म्हणून क्रँकशाफ्ट जिथून बाहेर येतो, तिथे दोन्ही बाजूंना रबरी ऑइल सील असते. वर्षानुवर्षांत ते रबर कडक होते. मग कार्बोरेटरला वळसा घालून हवा आत शिरते. मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो, आणि पेट्रोलबरोबरच तेल येत असल्याने वंगणही अपुरे पडते. तापलेला पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला पकडतो.

शंका खरी की खोटी, हे पाहायला महागडे यंत्र लागले नाही. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडे रबर लावून पट्टीने बंद केली, मॅग्नेटोचे चाक उतरवले, सायकलच्या पंपाने अगदी थोडा दाब दिला आणि सगळीकडे साबणाचे पाणी लावले. मॅग्नेटोच्या बाजूच्या सीलमधून बुडबुडे आले. मुलांचे चेहरे तेव्हा पाहण्यासारखे होते! दोन पिस्टन खाऊन बसलेला चोर म्हणजे बोटभर रबराची एक कडी.

पुढचे काम सरळ होते. दोन्ही सील नवे घातले. सिलिंडर बोअर करून एक साइज मोठा पिस्टन बसवला, रिंगची फट फीलर गेजने तपासली. हेड आणि एक्झॉस्ट पोर्टची काजळी बांबूच्या चिपाटाने खरवडली, कारण लोखंडाने अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात. सायलेन्सर मोकळा केला, मॅग्नेटोचे पॉइंट घासून जुळवले. इंजिन लूनाच्याच चौकटीत चढवले. गाडी स्टँडवर उभी करून पॅडल मारले आणि तिसऱ्या वेळी निळा धूर सोडत इंजिन बोलले. काका काही न बोलता चष्मा पुसत राहिले.

आता मुलांचा पुढचा बेत. ‘हेच इंजिन साध्या सायकलीवर बसवू आणि स्टेशनपर्यंत जाऊ!’ कल्पना नवी नाही. जपानमध्ये हामामात्सू येथे सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये नेमके हेच केले. युद्धानंतर उरलेली, लष्कराच्या वायरलेस संचाला वीज पुरवणारी छोटी इंजिने घेऊन त्यांनी ती सायकलींवर बसवली. सुरुवातीला पेट्रोलच्या टाकीऐवजी अंथरूण गरम करायची गरम पाण्याची बाटली वापरली! तो साठा संपल्यावर १९४७ मध्ये त्यांनी स्वतःचे इंजिन बनवले आणि १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी उभी राहिली.

तरीही मी मुलांना ‘नाही’ म्हटले, आणि त्याचे कारणही सांगितले. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनालाच ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून सूट आहे. पन्नास सीसीचे इंजिन लावलेली सायकल त्यात बसत नाही. कायद्याहून मोठी गोष्ट ब्रेकची. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. पंधराच्या वेगाला बनवलेले सायकलचे रबरी ब्रेक तीसच्या वेगाला काय करतील, ते ब्रेकव्हॅनमध्ये बसलेल्या माणसाला विचारा! चालवता येणे ही अर्धी विद्या. थांबवता येणे ही उरलेली अर्धी. लूनाच्या नोंदणीची मुदत केव्हाच संपली आहे. तिचे नूतनीकरण होईपर्यंत ती स्टँडवरच चालेल, असे काकांनीही मान्य केले आहे.

अप्रेंटिस मित्रांनो, कोणी म्हणेल की आता ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले, २०२४ मध्ये लूनासुद्धा विजेवर आली, मग ही जुनी विद्या कशाला? सील आणि पिस्टन जातील, हे खरे. पण ट्रॅक्शन मोटर जळली तरी प्रश्न तोच राहणार आहे : ती का जळली? नुसती मोटर बदलून लोको लाइनवर पाठवला, तर तो सेक्शनमध्ये पुन्हा थांबेल. तेव्हा त्याच्या मागे काकांची लूना नसेल, हजार-दीड हजार प्रवाशांची गाडी असेल. त्यात कोणी परीक्षेला निघालेला असेल, कोणी रुग्णालयात.

भाग बदलणारे हात पुष्कळ मिळतात. आधी ‘का?’ असे विचारणारे डोके आपल्या शेडला हवे आहे. बाप्पाने तेवढी बुद्धी तुम्हा-आम्हा सर्वांना द्यावी, एवढे मागून थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!