कुरणासाठी दान

दान म्हटलं की आपल्याला मंदिर, शाळा, दवाखाना आठवतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कुरणं टिकावीत म्हणूनही दान दिलं जातं. ही कुरणं आपल्या गायरानासारखी गावाची नव्हेत, खासगी मालकीची. वारसांच्या वाटण्या होतात, प्लॉट पाडणारा मोठा भाव देतो आणि कुरण जातं. म्हणून तिथल्या पशुपालकांच्या संघटनेनं १९९५ मध्ये विश्वस्त संस्था काढली. जमीन मालकाचीच, गुरंही त्याचीच. मात्र वसाहत उभारण्याचा हक्क करारानं कायमचा सोडायचा. पुढच्या खरेदीदारालाही तो करार बांधील. काही मालक हा हक्क दानच करतात, त्यांना करसवलत मिळते. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्यासाठी देणग्या आणि सरकारी निधी उपयोगी पडतो. मला हे दान मोठं वाटतं. त्यावर देणाऱ्याच्या नावाची इमारत उभी राहत नाही. गुरांना चारा तेवढा राहतो.